राधानगरीचे सडे : गव्याच्या नावावर वाचलेली फुलं

एप्रिल-मेमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, फुलं बघायला जाणारा हिरमुसतो. तापलेला, काळवंडलेला जांभा दगड आणि करपलेलं गवत, एवढंच दिसतं. उन्हाळ्यातला बहर असतो सड्याच्या कडेच्या राईत. अंजनीच्या फांद्यांना चिकटून जांभळट-निळे झुबके येतात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात. फुलपाखरंही तिथंच, आटत्या ओढ्याच्या ओल्या मातीतले क्षार शोषत बसलेली. त्यात बहुतेक नर.

हे सगळं टिकलं याचं पहिलं श्रेय जांभ्याला. त्यावरची माती जेमतेम बोटभर, नांगर चालणार कसा? शेती उतारावर राहिली, सडा गुरांना. त्या निकस मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं नावाची वनस्पती उगवते आणि अन्नाची तूट किडे पकडून भरून काढते. सोबत गेंद, कवला, सोनकी. यातल्या बऱ्याच वनस्पती पाऊस सरता सरता बी टाकून मरतात. उन्हाळ्यात त्या धुळीत फक्त बी असतं.

दुसरं कारण शिकार. हे रान कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारक्षेत्र होतं आणि राजर्षी शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य जाहीर झालं ते गव्यांसाठी. राज्यातलं हे पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. फुलपाखरांचा विचार तेव्हा कुणी केला असेल असं मला तरी वाटत नाही. ती गव्याच्या आडोशानं वाचली. सदर्न बर्डविंग या फुलपाखराच्या अळीला ईश्वरीचा वेल लागतो, राणी पाकोळीच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं. जंगल राहिलं म्हणून तीही राहिली.

या रानाचं आणि फुलपाखरांचं कौतुक फार उशिरा सुरू झालं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरवली, त्यात राधानगरी आलं. २०१५ मध्ये राणी पाकोळी महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं.

पण ज्या जांभ्यानं नांगर अडवला, त्याच्याच पोटात बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज आहे. याच तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर त्याच्या खाणी झाल्या. खाण बुजवून वर झाडं लावता येतात. सड्याच्या फुलांना मात्र सावली नको असते. त्यांना उघडा कातळ आणि पावसाळाभर त्यावर साचणारं उथळ पाणी लागतं.