परकीय कर्ज (पायाभूत सुविधांसाठीचे)

परक्या देशाचे सरकार, त्याची बँक किंवा आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था यांच्याकडून रेल्वे, बंदरे, वीज, मेट्रो, सांडपाणी अशा कामांसाठी घेतलेले व परकीय चलनात फेडावयाचे दीर्घ मुदतीचे कर्ज. प्रकल्पातून ते चलन मिळत नसेल आणि निर्यातीतूनही पुरेसे येत नसेल, तर जुने देणे भागवण्यास नवे कर्ज काढावे लागते. हा क्रम चालूच राहिला की त्यास कर्जावलंबन म्हणतात.

या प्रकाराची सुरुवात कोठून धरावी याविषयी एकमत नाही. ईजिप्तचे १८७६ मधील दिवाळे व ऑटोमन साम्राज्यातील १८८१ चे ऋणप्रशासन (धनकोंच्या वसुलीची यंत्रणा) ही उदाहरणे सामान्यतः आधी दिली जातात. परंतु तेथील रकमांचा बराच भाग जुनी देणी व दरबारी खर्च यांत गेला. निव्वळ बांधकामापुरते पाहता हिंदुस्थानातील हमी रेल्वे अधिक जवळची वाटते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या १८४९ च्या करारात भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट (१८६३) याच भांडवलातून बांधला गेला. हे भागभांडवल होते, कर्ज नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र परतावा ठरलेला आणि जोखीम सरकारची असल्याने त्यास कर्जात गणणेच सयुक्तिक. हमीमुळे कंपनीला काटकसरीची गरज उरली नाही, हा दोष तेव्हाच ध्यानात आला होता.

दुसरा दोष विनिमयाचा. करारात रुपयाचा दर १ शिलिंग १० पेन्स, म्हणजे २२ पेन्स, धरला होता. रुपया चांदीचा होता; १८७३ नंतर चांदी घसरत गेली व १८९० च्या दशकारंभी रुपया १५ पेन्सच्या आसपास आला. १०० पौंडांवरील ५ पौंड व्याज पाठवण्यास पूर्वी सुमारे साडेचोपन्न रुपये लागत, ते ८० लागू लागले. व्याजदर तोच, बोजा जवळजवळ दीडपट. करारातील दर न बदलल्याने हा फरक सरकारच्या माथी आला. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून अर्थचिंतक ग. व्यं. जोशी यांनी आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढील साक्षीत (१८९७) गो. कृ. गोखले यांनी रेल्वेखर्चाची चिकित्सा केली. आजच्या चर्चेतील बहुतेक मुद्दे त्यांत सापडतात.

भारतीय संविधानाच्या २९३ व्या कलमानुसार राज्यांना देशांतर्गतच कर्ज काढता येते. परकीय कर्ज सामान्यतः केंद्र घेते व पुढे देते. प्रकल्प अहवाल, केंद्रीय अर्थ मंत्रालयातील आर्थिक व्यवहार विभागाची छाननी, धनकोचे मूल्यांकन, वाटाघाटी व करार असे टप्पे असतात. रक्कम एकदम हाती येत नाही. बहुधा झालेल्या खर्चाच्या हिशेबावर प्रतिपूर्ती होते. जागतिक बँकेच्या न उचललेल्या कर्जावर वर्षाला ०.२५ टक्के बांधिलकी शुल्क पडत असे, त्यामुळे भूसंपादन रखडले की काम न होताही खर्च सुरू होई.

पुण्यातील मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्पासाठी जपानच्या जायका संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये १,९०६.४ कोटी येनचा करार झाला. व्याज ०.३ टक्के, मुदत ४० वर्षे, पैकी पहिली १० सवलतीची, म्हणजे मुद्दल न फेडण्याची. सुमारे ९९० कोटी रुपयांच्या मूळ खर्चात ८५ टक्के वाटा केंद्राच्या अनुदानाचा असल्याने परतफेडीचा भार महापालिकेवर येत नाही. ११ शुद्धीकरण केंद्रे व रोज ३९.६ कोटी लिटर क्षमता योजली होती. निविदा व जागा यांत वेळ गेला आणि पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. म्हणजे सवलतीची सहा वर्षे वीट न रचता सरली. मैलापाणी शुद्ध करून येन मिळत नाहीत. येन रुपयाच्या तुलनेत दरवर्षी ३ टक्क्यांनी महागला तर खरा व्याजदर ३.३ टक्के पडतो. प्रत्यक्षात २०१६ च्या आरंभी सुमारे ५७ पैशांना असलेला येन २०२४ च्या मध्यास ५२-५३ पैशांवर होता, हा योगायोगाचा लाभ. पुणे मेट्रोसाठी युरोपीय गुंतवणूक बँक व फ्रान्सची विकाससंस्था यांची कर्जे युरोत आहेत; तिकीट अर्थातच रुपयांत.

श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराविषयी मतभेद तीव्र आहेत. २००७ मध्ये चीनच्या सरकारी आयात-निर्यात (एक्झिम) बँकेने ३०.७ कोटी डॉलर दिले, दर ६.३ टक्के, मुदत १५ वर्षे. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीस गेले व १.१२ अब्ज डॉलर मिळाले. चीनने ठरवून सापळा लावला, हा भारतीय सामरिक अभ्यासक ब्रह्म चेलानी यांनी प्रसृत केलेला पक्ष. अमेरिकी अभ्यासक डेबोरा ब्राउटिगम आदींच्या मते मिळालेली रक्कम परकीय चलनाच्या गंगाजळीत गेली, बंदराचे कर्ज कायम राहिले आणि खरा ताण आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या व्यापारी रोख्यांचा होता. हिशेब पाहता दुसरे मत अधिक टिकते. तथापि चढा दर व अल्प मुदत बंदरासारख्या उशिरा उत्पन्न देणाऱ्या कामास पेलणारी नव्हती, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे उरतेच. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय फेड थांबवली.

फेड थकल्यास पूर्वी पॅरिस क्लब या धनको सरकारांच्या गटात तडजोड होई. चीन त्याचा सदस्य नसल्याने जी-२० गटाने नोव्हेंबर २०२० मध्ये कर्जफेडीच्या फेररचनेची सामाईक चौकट आणली. त्याच महिन्यात थकलेल्या झांबियाला सरकारी धनकोंशी तत्त्वतः समझोता जून २०२३ मध्ये मिळाला.