पिकअप घेणारा भाग

कार्टून मालिकेचा दर्जा ज्या भागापासून उंचावतो आणि पुढे बहुतांशी टिकून राहतो, तो भाग. यातले टिकणे महत्त्वाचे. एखाद-दुसरा चांगला भाग कोणत्याही मालिकेत निघतो. त्यानंतर गाडी परत पहिल्या गिअरवर आली तर त्याला पिकअप म्हणत नाहीत. 'सिरीज आठव्या एपिसोडला पिकअप घेते' हे वाक्य पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणत्याही पोराच्या तोंडी सापडेल. दुचाकींच्या शहराला ही उपमा शोभते, तरी गाण्यातला 'सूर लागणे' हा जुना प्रयोग अर्थाने जास्त नेमका आहे. इंग्रजीत याला 'दाढी वाढवणे' म्हणतात. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला अंतराळयानावरचा अधिकारी रायकर १९८८ साली दुसऱ्या सीझनमध्ये दाढी राखून आला आणि त्याच सुमारास मालिका सुधारली. दाढीचा त्यात काही हात नव्हता. उलट, उतरणीला लागण्यासाठी 'शार्कवरून उडी' हा शब्द आहे. तो 'हॅपी डेज'च्या १९७७ मधल्या एका भागावरून आला. गंमत अशी, की दोन्ही शब्द हाडामांसाच्या नटांच्या मालिकांनी दिले आणि वापरले जातात कार्टूनसाठीही.

कार्टूनमध्ये हा भाग उशिरा येण्यामागे कारखान्याचे गणित असते. नाटकात तालमीला बसले की काय चुकते ते त्याच संध्याकाळी कळते. कार्टूनमध्ये संहिता लिहायची, कलाकारांनी ती टेबलाभोवती बसून वाचायची, आवाज मुद्रित करायचे, कच्ची चित्रे आवाजाला जोडून पाहायची, मग हजारो चित्रांचे काम बहुधा दुसऱ्या देशातल्या स्टुडिओकडे पाठवायचे. एका भागाला सहजच सहा ते नऊ महिने लागतात. पहिला पुरा भाग लेखकांच्या डोळ्यांपुढे येतो तेव्हा पुढचे कितीतरी भाग लिहून हातावेगळे झालेले असतात. चूक दिसली तरी ती दुरुस्त होते पुढच्या सीझनला.

'द सिम्प्सन्स' हे याचे सर्वात बोलके उदाहरण. १९८७ पासून 'द ट्रेसी उलमन शो'मध्ये छोट्या तुकड्यांच्या रूपात दिसणाऱ्या या कुटुंबाची अर्ध्या तासाची मालिका १९८९ च्या शरद ऋतूत सुरू व्हायची होती. पहिला तयार केलेला भाग, 'सम एन्चान्टेड ईव्हनिंग', कोरियातून रंगून आला आणि निर्मात्यांचे धाबे दणाणले. माणसे रबरासारखी वाकत होती, दरवाजे लवचीक होते. सुमारे ७० टक्के काम पुन्हा करावे लागले. मग मालिकेची सुरुवात १७ डिसेंबर १९८९ रोजी नाताळच्या भागाने झाली, जो निर्मितीच्या क्रमाने आठवा होता. आणि पहिला बनलेला भाग १३ मे १९९० रोजी, सीझनच्या अगदी शेवटी दाखवला गेला. म्हणजे प्रक्षेपणाचा क्रम धरून 'मालिका अमक्या भागापासून सुधारली' असे सांगणाऱ्याचे बोट चुकीच्या जागी पडण्याचा संभव असतो. निर्मितीचा क्रम पाहिल्याशिवाय या वादात पडू नये.

याच मालिकेत सूर शब्दशः सापडला. कुटुंबातला बाप होमर, त्याला आवाज देणारे डॅन कॅस्टेलानेटा सुरुवातीला वॉल्टर मॅथाऊ या नटाच्या धर्तीवर बोलत. त्या खालच्या, घोगऱ्या पट्टीत होमर कुरकुरू शकत होता. रडणे, हरखणे, घाबरणे त्यात बसेना. पुढच्या एक-दोन सीझनमध्ये आवाज बदलत आजच्या होमरपर्यंत आला, तशा लेखकांना त्याच्यासाठी अधिक वेड्या आणि अधिक हळव्या गोष्टी सुचू लागल्या. बहुतेक जाणकार मालिकेचा खरा बहर तिसऱ्या सीझनपासून धरतात.

प्रत्येक पिकअप मात्र शिकण्यातून येत नाही. काही आधीपासून ठरलेले असतात. 'बोजॅक हॉर्समन' ही मालिका २२ ऑगस्ट २०१४ रोजी नेटफ्लिक्सवर बारा भागांसह एकदम आली. समीक्षकांना आधी पहिले सहाच भाग पाठवले होते. त्यांना ती उतार वयातल्या घोडा-नटावरची आणखी एक टवाळ मालिका वाटली. आठव्या भागात, 'द टेलिस्कोप'मध्ये, बोजॅक मरणाच्या दारात असलेल्या जुन्या मित्राची माफी मागायला जातो आणि ती त्याला मिळत नाही. तिथून मालिकेचा रंगच पालटतो. सगळा सीझन एकाच दिवशी आल्यामुळे प्रेक्षकांचे ऐकून बदल केला असे म्हणायला जागा नाही. जपानी 'माडोका माजिका'ने (२०११) हेच तिसऱ्या भागाच्या शेवटी केले. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, पाहणाऱ्यांमधला 'तीन भाग तरी बघ' हा शिरस्ता तिला चपखल लागू पडतो. अशा ठिकाणी सुरुवात कच्ची होती म्हणणे अन्यायाचे आहे. सवाई गंधर्व महोत्सवात बसणारा पुणेकर पहिली वीस मिनिटे विलंबितात गेली म्हणून गायकाला नावे ठेवत नाही. (निदान मोठ्याने ठेवत नाही.)

तिसरा प्रकार सर्वात विलक्षण: पुढचा भाग मागच्या भागांना चांगले करतो. 'ॲडव्हेंचर टाइम'मधला आइस किंग हा राजकन्या पळवणारा चक्रम म्हातारा. सुरुवातीला त्याचा विनोद लवकर शिळा होतो. २०१२ मधल्या 'आय रिमेंबर यू' या भागात तो पूर्वी कोण होता आणि त्याने कोणाला सांभाळले होते हे कळते. त्यानंतर जुने भाग लावले की त्याच विनोदांवर हसू येत नाही.

पुण्यातल्या घरांत ही कल्पना तशी नवी. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे तेव्हा सगळे एकच भाग एकाच वेळी पाहत. नंतर केबलवरच्या मुलांच्या चॅनेलांनी भाग कोणत्याही क्रमाने आणि पुनःपुन्हा लावले. 'छोटा भीम' (२००८ पासून, पोगो) अशाच पाहण्यासाठी घडलेली मालिका आहे: भाग संपला की ढोलकपूर पूर्ववत, लाडू खायला मोकळे. जिथे काहीच साठत नाही तिथे पिकअप कुठून येणार? क्रमाने पाहणे पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कच्या देवाणघेवाणीतून रुजले, आणि जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आल्यावर पक्के झाले. त्यासोबत शिफारशीची नवी भाषा आली: 'आधी दहा भाग काढ, मग बोल.' ऐकणाऱ्याने चार तास कुठून आणायचे, हे सांगणारा सांगत नाही.

'मग ते दहा सोडूनच देतो' हे त्यावरचे उत्तरही ठरलेले. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'च्या (२००५) पहिल्या सीझनमध्ये अनेकांच्या मते बारावा भाग, 'द स्टॉर्म', पिकअप घेतो, आंग आणि झुको या दोन शत्रूंचे भूतकाळ तो शेजारी-शेजारी ठेवतो. पण झुको आधीच्या भागांमध्ये आंगच्या मागे धावलेला पाहिला नसेल, तर हे शेजार कोरडे वाटते. सोडायचाच तर एक भाग सोडता येईल: त्याच्या लगेच आधीचा 'द ग्रेट डिव्हाइड', मालिकेतला सर्वात दुबळा म्हणून बदनाम झालेला. त्याला खुद्द मालिकेचीही परवानगी आहे. शेवटच्या सीझनमध्ये नायक मंडळी स्वतःवर बेतलेले एक नाटक पाहायला जातात. त्या नाटकातली पात्रे उडत-उडत 'ग्रेट डिव्हाइड' या त्याच भागातल्या दरीवर येतात, खाली बघतात, आणि न थांबता पुढे जातात.