फ्लॅपचा दांडा आणि वैमानिकाचा हात

2021 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांना ज्या पाच विमानतळांवर जागा दिली, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीबरोबर बेळगावचं सांबराही होतं. 1942 मध्ये युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलासाठी बांधलेली ही धावपट्टी आता शिकाऊ वैमानिकांच्याही कामी येते आहे. खानापूर-निपाणीकडची मुलंमुली उद्या प्रशिक्षणाच्या विमानांत बसणार असतील, तर कॉकपिटमधली एक जुनी अडचण, फ्लॅपच्या दांड्यापर्यंत हात सहज न पोचण्याची, आपल्याला माहीत असायला हवी.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला, आतल्या बाजूला बसवलेली हलती पट्टी. ती खाली केली की पंखाची उचल वाढते आणि हवेचा अडथळाही वाढतो, त्यामुळे विमान कमी वेगात, थोड्या तीव्र उतारानं खाली आणता येतं. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे. उंचीवरच्या विरळ हवेत, त्यातही उन्हाळ्यात, वेगदर्शकावर तोच आकडा असला तरी जमिनीच्या हिशेबानं विमान जास्त वेगात असतं, म्हणून फ्लॅप वेळेवर उतरणं इथं अधिकच महत्त्वाचं.

दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बर सुखरूप उतरवल्यावर वैमानिक फ्लॅप उचलायला जात आणि चुकून चाकंच आत घेत. दोष वैमानिकांच्या माथी मारला जात होता. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं 1943 च्या सुमारास दाखवलं, की दोन्ही बटणं शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखीच होती. त्यानं एकावर चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराची. हाताच्या स्पर्शानं फरक कळू लागला. पुढे 1947 मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी कॉकपिटमधल्या अशा 460 चुकांचा अभ्यास केला, आणि मुठींचे आकार पुढे नियमांतही आले. चूक माणसाची की मांडणीची, हा प्रश्न तेव्हापासून गांभीर्यानं विचारला जाऊ लागला. माझ्या मते विमानविद्येच्या इतिहासातलं हे फार मोठं पाऊल आहे.

छोट्या विमानांत मात्र फ्लॅपच्या दांड्याची जागा वैमानिकाच्या हातापेक्षा यंत्रणेच्या सोयीनं ठरली. 1961 मध्ये बाजारात आलेल्या पायपर चेरोकीत दोन आसनांच्या मध्ये, जीपच्या हँडब्रेकसारखा दांडा आहे. तो ओढला की कॉकपिटच्या जमिनीखालच्या केबलमार्गे फ्लॅप 10, 25 आणि 40 अंशांच्या खाचांत उतरतात. मोटार नाही, बॅटरीची गरज नाही, आणि किती फ्लॅप उतरले ते हातालाच कळतं. ही जमेची बाजू खरीच मोठी आहे. त्याच घराण्यातल्या आर्चरमध्ये आजही हाच दांडा असतो.

अडचण पहिल्या खाचेला येते. फ्लॅप वर असताना दांडा जमिनीलगत आडवा पडलेला असतो. उंचीनं लहान किंवा आखूड हाताच्या वैमानिकाला, खांद्याचा पट्टा आवळलेला असताना, तिथवर पोचायला वाकावं लागतं. नेमकं त्याच वेळी विमान धावपट्टीकडे वळत असतं. वळणात मान खाली घालून डोकं हलवलं की कानातला तोल फसतो आणि नजरही बाहेरून आत येते. कमी उंचीवर आणि कमी वेगात हे धोक्याचं आहे. शिवाय वेग जास्त असेल तर हवेचा दाब वाढतो आणि दांडा ओढायला जोरही जास्त लागतो.

सेसना या विमान कंपनीनं यातून वेगळी वाट काढली. सेसना 172 मध्येही सुरुवातीला जमिनीवरचा दांडाच होता. 1965 च्या मॉडेलपासून विजेवर चालणारे फ्लॅप आले, 1966 पासून ते सेसना 150 मध्येही आले, आणि दांड्याऐवजी समोरच्या पॅनेलवर बटण बसलं. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या हंसा-एनजी या प्रशिक्षण विमानानं 3 सप्टेंबर 2021 रोजी पहिलं उड्डाण केलं, त्यातही फ्लॅप विजेवरचेच आहेत.

मग जुन्या दांड्याचं काय? उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या लेथवर त्याला वाढीव मूठ बनवता येईल, बेळगावच्या कारागिरांचं ते कौशल्य वादातीत आहे. पण दांडा लांबला की हाताला जोर कमी लागतो, हालचालीचा घेर मात्र वाढतो आणि मूठ आसनाला किंवा मांडीला अडू शकते. शिवाय तेवढ्याच ओढीनं खाचांवर आणि केबलवर जास्त ताण येतो. म्हणून प्रमाणित विमानात असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याआधी करण्याजोगं साधं काम म्हणजे आसन पुढे घेणं, पाठीला घट्ट उशी देणं, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टा आवळून, समोरची नजर न हलवता दांडा तळापासून शेवटच्या खाचेपर्यंत ओढून पाहणं. तो हाताला येत नसेल तर त्या विमानात त्या दिवशी उड्डाण नको, असं सांगण्याचा हक्क शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात मिळाला पाहिजे.