'पुढे काही करणार नाहीस का?': जीपीच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

एमबीबीएस झालेल्या मुलीनं दवाखाना टाकायचं म्हटलं की घरचे हमखास विचारतात, 'म्हणजे पुढे काही करणार नाहीस का?' जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, होणं म्हणजे शिक्षण थांबवणं, ही समजूत आजची नाही. तिचा माग काढताना देशाच्या आरोग्यसेवेवर अहवाल देणाऱ्या १९४६च्या भोर समितीपर्यंत जावं लागतं.

तेव्हा देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांतले २९,८७० पदवीधर नव्हते, लायसन्शिएट, म्हणजे पदविकाधारक होते. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसणारी 'एलसीपीएस' ही मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची पदविका त्यांतलीच. लाल मिक्स्चरच्या बाटलीवर डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर अनेकांना आठवत असेल. तो काळ या डॉक्टरांचा. समितीनं ही दुहेरी व्यवस्था मोडून सगळ्यांना एकच पदवी, एकच 'बेसिक डॉक्टर' असं ठरवलं. काही सदस्यांचा विरोध होता. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. पण पदवी हातात पडली की डॉक्टर प्रॅक्टिसला तयार, हे आपण गृहीत धरून बसलो. एमडी-एमएसचं महत्त्व वाढत गेलं, तसा जीपी हा मागे उरलेला डॉक्टर ठरला.

ब्रिटनमध्येही सुरुवात अशीच होती. १९५०मध्ये डॉ. जोसेफ कॉलिंग्ज यांनी तिथल्या जीपींच्या दवाखान्यांची दुरवस्था 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि खळबळ उडाली. १९५२मध्ये जीपींचं स्वतंत्र कॉलेज निघालं, १९७६मध्ये जीपींच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला आणि १९८२पासून जीपी होण्यासाठी तीन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यातलं एक वर्ष अनुभवी जीपीच्या दवाखान्यात. हे फार मोलाचं. वॉर्डात दिसतो तो पूर्ण उमटलेला न्यूमोनिया. दवाखान्यात येतो तो दुसऱ्या दिवसाचा ताप, नुसता खोकला आणि काळजीत पडलेली आई. यात थांबायचं किती आणि पाठवायचं कधी, हे वॉर्डात शिकता येत नाही.

आपल्याकडे डॉक्टरांच्या संघटनेनं, इंडियन मेडिकल असोसिएशननं (आयएमए), १९६३मध्ये जीपींसाठी कॉलेज काढलं. पुढे नॅशनल बोर्ड या परीक्षा मंडळाचा फॅमिली मेडिसिनमधला, म्हणजे जीपीच्याच कामाच्या विषयातला, डीएनबी हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला, आणि २०१०नंतर केरळमधल्या कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात याच विषयाचं एमडी सुरू झालं. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना उत्तेजन देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही दवाखाना उघडायला एमबीबीएस, वर्षाची इंटर्नशिप आणि नोंदणी एवढं पुरतं. अनुभवी जीपीशेजारी खुर्ची टाकून बसण्याचं ते एक वर्ष आपल्याकडे अजून सक्तीचं नाही.