कन्कशन मोजता येतं, सीटीई साचत जातं

2025 च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, ईगल्सनी चीफ्सना 40-22 असं धुतलं, त्या रात्री न्यू जर्सीत एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. मध्यंतरालाच 24-0 झाल्यामुळे सामन्यात काही उरलं नव्हतं. बटाटेवडे मात्र बरेच उरले होते, म्हणून वाद सुरू झाला. विषय नेहमीचाच: रॉजर गुडेल, या फुटबॉलच्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, कमिशनर. एकाचं म्हणणं, "माणूस आवडो न आवडो, यंदा कन्कशन्स 182 वर आली. 2015 पासून मोजताहेत, त्यातला सगळ्यांत कमी आकडा. अजून काय करायचं त्याने?" यजमान उसळला, "अरे, मग बॉस्टन विद्यापीठवाले मेलेल्या खेळाडूंच्या मेंदूंचं जे दाखवतात ते काय खोटं?"

दोघांचंही खरं होतं, फक्त विषय वेगवेगळे होते. एक कन्कशनबद्दल बोलत होता, म्हणजे डोक्याला बसलेल्या एका धक्क्याबद्दल; दुसरा सीटीईबद्दल, म्हणजे वर्षानुवर्षांच्या मारांतून होणाऱ्या मेंदूच्या रोगाबद्दल. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची सवय अमेरिकेतल्या जुन्या प्रेक्षकांनाही आहे.

कन्कशन आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. डिसेंबर 2020, कॅनबेरा. स्टार्कचा चेंडू जडेजाच्या हेल्मेटवर आदळला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर झाला. 'कन्कशन सब्स्टिट्यूट' हा शब्द त्या दिवशी घराघरांत पोचला. डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं म्हणजे कन्कशन. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो, माणूस तेच तेच विचारत राहतो. शुद्ध हरपतेच असं नाही, बहुतेक वेळा हरपत नाही. सीटी स्कॅन काढला तर सहसा साफ येतो. विश्रांती घेतली, त्यात पुन्हा मार बसला नाही, तर बहुतेक प्रौढ माणसं काही आठवड्यांत बरी होतात.

हेल्मेट असून हे कसं होतं, असा प्रश्न हमखास येतो. हेल्मेट कवटी वाचवतं. एसटीने करकचून ब्रेक मारला की बस थांबते, आत उभा असलेला प्रवासी थांबत नाही. कवटीचं आणि मेंदूचं तसंच आहे.

कन्कशनला तारीख असते, वेळ असते, बऱ्याचदा व्हिडिओही असतो. 25 सप्टेंबर 2022 ला मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टुआ टागोवायलोआ बफेलोविरुद्ध खेळताना मागे पडला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. उठला, डोकं झटकलं, दोन पावलं चालला आणि गुडघ्यांतून कोलमडला. तरी मध्यंतरानंतर तो पुन्हा मैदानात. कारण सांगितलं गेलं पाठीच्या दुखण्याचं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला पुन्हा आपटलं, तेव्हा त्याची बोटं चेहऱ्यासमोर वाकडी होऊन ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ते दृश्य पाहिलेला माणूस विसरत नाही. ऑक्टोबरमध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने नियम बदलला: डोक्याला मार बसल्यावर तोल गेला, पाय लटपटले, तर त्या दिवशी खेळ बंद, कारण काहीही सांगा.

अशा गोष्टींत लीग आता खरोखर बरी झाली आहे, हे कबूल करायला हवं. मैदानाकडेला तपासणीचा निळा तंबू असतो, संघाच्या पगारावर नसलेला न्यूरोतज्ज्ञ असतो, वर बसून व्हिडिओवर नजर ठेवणारी माणसं असतात. 2024 पासून किकऑफची, म्हणजे लांब किक मारून खेळ सुरू करण्याची, पद्धत बदलली, कारण दोन्ही बाजूंनी पन्नास-साठ यार्ड धावत येऊन होणाऱ्या टकरी तिथेच होत. 182 हा आकडा हवेतून आलेला नाही.

आता सीटीई. पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. ही इजा नव्हे, हा रोग आहे. त्याला तारीख नसते. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन चुकीच्या पद्धतीने साचतं, आधी घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती, आणि मग वर्षानुवर्षं पसरत राहतं. खेळ सोडून दहा-वीस वर्षं झाल्यावर विसराळूपणा, भडकपणा, नैराश्य, शेवटी स्मृतिभ्रंश. बॉक्सिंगवाल्यांना हे जुनं आहे. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने 1928 मध्येच ठोसे खाऊन 'पंच ड्रंक' झालेल्या बॉक्सर्सवर लिहून ठेवलं होतं. फुटबॉलमध्ये मात्र ते 2002 पर्यंत कुणी शोधलंच नाही. त्या वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर वारला, वय 50. चार सुपर बोल जिंकलेला सेंटर, म्हणजे पुढच्या रांगेत मधोमध राहून चेंडू मागे देणारा; शेवटच्या काळात कधी कधी स्वतःच्या ट्रकमध्ये झोपायचा. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू नायजेरियाहून आलेले; फुटबॉलचं त्यांना कौतुक नव्हतं, आणि बहुधा तेच कामी आलं. वेबस्टरचा मेंदू वरून चांगला दिसत होता. त्यांनी तरी त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. 2005 मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा म्हणून पत्र लिहिलं. ही समिती 1994 ची, आधीचे कमिशनर पॉल टॅग्लियाबू यांच्या काळातली. मेंदूच्या दुखापतींसाठी नेमलेल्या या समितीचा प्रमुख होता संधिवाताचा डॉक्टर. विनोद वाटेल, पण खरं आहे.

(कमिशनर म्हटल्यावर आपल्याला महापालिका आयुक्त आठवतो, म्हणून सांगतो: हा सरकारी माणूस नव्हे. संघांचे मालक त्याला नेमतात आणि पगार देतात. गुडेल 2006 पासून त्या खुर्चीवर आहेत. त्यांना 'लीगचा राजा' म्हणून शिव्या घालणारे प्रेक्षक दिवाणजीला सावकार समजतात.)

दोन्हींत घोळ नेमका कुठे होतो? कन्कशन्स जास्त झाली की सीटीई होतो, असं लोक गृहीत धरतात. बॉस्टन विद्यापीठातल्या गटाने 2023 मध्ये 631 दिवंगत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती कन्कशन्सचं निदान झालं होतं, यावरून सीटीईचा अंदाज बांधता येत नव्हता. येत होता तो आयुष्यभरात डोक्याने एकूण किती मार आणि किती जोराचा मार सोसला, यावरून. आपल्याकडे 'मुका मार' म्हणतात ना, वर खूण नाही, रक्त नाही, तोच. खेळाडूला भोवळही येत नाही, तंबूत कुणी नेत नाही, कुठल्याच तक्त्यात नोंद होत नाही.

म्हणून कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो तेव्हा मी हल्ली त्याच्या पुढच्या रांगेकडे बघतो. लाइनमन. चेंडू मागे दिला गेला की दर वेळी, एका सामन्यात साठेक वेळा, समोरासमोर टक्कर. एकही धडक बातमी होण्याएवढी मोठी नाही. वेबस्टर याच रांगेतला होता.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण यजमानही थोडा वाहवत गेला होता. 2017 मध्ये एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई सापडला, ही बातमी जगभर गाजली. म्हणून 99 टक्के खेळाडूंना तो होतो असं नाही. ते मेंदू बहुतेक अशा घरांतून आले होते, जिथे त्या माणसाच्या वागण्यात काहीतरी बिघडलंय हे कुटुंबाने आधीच पाहिलं होतं. एखाद-दुसरं कन्कशन झालं म्हणजे सीटीई ठरलेला, हेही चूक. शाळेत सायकलवरून पडलेल्या मुलाच्या आईने सीटीईच्या धास्तीने रात्र जागून काढायची गरज नाही.

शिवाय कन्कशन मैदानावरच पाच-दहा मिनिटांत तपासता येतं. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. शिकागो बेअर्सच्या 1985 च्या विजेत्या संघातला डेव्ह ड्युअरसन याने 2011 मध्ये आत्महत्या केली, तेव्हा आपला मेंदू संशोधनाला द्यावा असा निरोप ठेवला होता. जिवंतपणी त्याला उत्तर देऊ शकेल अशी चाचणीच नव्हती. लीगने माजी खेळाडूंशी केलेल्या नुकसानभरपाईच्या करारातही ही अडचण दिसते. डिमेन्शिया, पार्किन्सन्स यांसाठी माजी खेळाडूंना पैसे मिळतात. सीटीईसाठी मात्र 22 एप्रिल 2015 पूर्वी वारलेल्यांच्याच कुटुंबांना. त्यानंतर कुणी सीटीई घेऊन गेला तर त्या नावाखाली काही नाही. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे, हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने संसदेच्या समितीसमोर मान्य केलं ते 2016 मध्ये, म्हणजे ही तारीख उलटून गेल्यावर.

आता परत 182 कडे. तो आकडा खाली येणं चांगलंच. पण 2021 पासून मोसम 16 ऐवजी 17 सामन्यांचा झाला आणि गुडेल 18 ची भाषा करताहेत. सामना वाढला की प्रत्येक लाइनमनच्या खात्यात आणखी साठेक टकरी जमा होतात. कन्कशन्सचा तक्ता त्याच वर्षी खाली जाऊ शकतो आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसेल.

माझ्या मते सीटीईच्या बाबतीत झालेलं सगळ्यांत उपयोगी काम निळ्या तंबूचं नव्हेच. लीगबरोबरच्या 2011 च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने मोसमातले पॅड घालून, म्हणजे खऱ्या धडका देत, होणारे सराव 14 वर आणून ठेवले. सामन्यात बसणारे मार कमी झाले नाहीत, पण आठवडाभर आपल्याच सहकाऱ्यांकडून बसणारे झाले. हे मी त्या रात्री सांगायला गेलो, तोवर हाफटाइम शो सुरू झाला होता. यजमानाने आवाज वाढवला आणि वडे गरम करायला वर गेला.