लाल रंग कॅमेऱ्यात का सांडतो

भर उन्हात मोबाइलवर लाल जास्वंदीचा फोटो काढून बघा. पाकळ्यांच्या शिरा गायब होतात आणि उरतो लालभडक डाग. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ‘तिए-सांगी’ पक्ष्याचा फोटो काढणाऱ्याला नेमकं हेच छळतं.

पोर्तुगिजमध्ये ‘सांगी’ म्हणजे रक्त. जवळपास बुलबुलाएवढा हा नर अंगभर लाल, पंख आणि शेपूट काळेभोर, खालच्या चोचीच्या मुळाशी चांदीसारखा पांढरा पट्टा. मादी तपकिरी. समुद्रालगत वाळूवर माजलेल्या झुडपांना तिथे ‘रेस्टिंगा’ म्हणतात; त्यातली फळं हे पक्षी खातात आणि बिया पसरवतात. ब्राझीलच्या याच किनारपट्टीवरून पोर्तुगिजांनी काजू गोव्यात आणला, त्यामुळे ही वाळू आपल्याला तशी परकी नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. बहुतेक सेन्सरवर दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरवा प्रकाश टिपतात, एक लाल आणि एक निळा. पक्षी बसलेला असतो हिरव्या पानांत. कॅमेरा सगळ्या चौकटीचा मिळून अंदाज घेतो आणि उजेड ठीक आहे असं ठरवतो. तोवर लाल ठिपके काठोकाठ भरून सांडलेले असतात. सगळेच भरले की एका पिसातून दुसरं वेगळं कसं ओळखायचं? मागाहून फोटो गडद केला तरी हरवलेली पिसं परत येत नाहीत. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, आधीच पाऊण-एक स्टॉप उतरवावं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल उजेड किती भरला हे दाखवणारा आलेख (हिस्टोग्राम) वेगळा तपासावा. मला विचाराल तर ढगाळ सकाळच उत्तम. दुपारी पांढरी वाळूसुद्धा खालून ऊन फेकते.

पण दोष एकट्या कॅमेऱ्याचा नाही. हा रंगच जबर आहे. तो येतो कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून, आणि ती पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. याच्या कुळातल्या पक्ष्यांवरचं २०२१ सालचं एक संशोधन आणखी पुढे जातं: नराच्या पिसांची सूक्ष्म रचनाच अशी असते, की त्या रंगद्रव्याचा रंग अधिक गडद दिसावा. शेजारच्या काळ्या पिसांमुळे तो आणखी उठतो.

कोवळ्या नराला हा पेहराव लगेच मिळत नाही. तो आधी मादीसारखा तपकिरी असतो, मग छातीवर, पाठीवर लाल ठिगळं उमटू लागतात. असा नर समोर आला तर उजेड लाल ठिगळावर मोजा. तपकिरी पिसं थोडी काळवंडली तर मागाहून उजळता येतात.