आधी वास, मग ओळख: घरात दुसरं मांजर आणताना

नवीन पिल्लू आणलं की वाटतं, सोडू दोघांना समोरासमोर, होईल दोस्ती. आम्हीपण तेच केलं. बास्केटचं दार उघडलं, पिल्लू बाहेर आलं आणि आमची सहा वर्षांची मनी शेपूट फुगवून अशी काही फिस्कारली की बास, मग सोफ्याखाली गेली ती रात्रीपर्यंत बाहेर आलीच नाही, जेवलीसुद्धा नाही. खूप वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हतीच.

मांजर माणसाजवळ आलं साधारण 10 हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात, धान्यावर येणाऱ्या उंदरांच्या मागे. पण ज्या आफ्रिकन रानमांजरापासून ते आलं ते एकट्याने शिकार करणारं, स्वतःचा इलाखा राखणारं. कुत्रा कळपातला, त्याला भांडण झाल्यावर पडतं घ्यायच्या खाणाखुणा येतात, मांजराकडे त्या फारच कमी. म्हणून पहिली भेट बिघडली की निस्तरायला आठवडेच्या आठवडे जातात.

आणि मांजराचं "आपलं कोण" हे मुख्यतः वासावर ठरतं. दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला ते गाल घासतं ना, ते नुसतं लाड नसतात, गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, घरभर त्याची सही असते म्हणा. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना चाटून, अंग घासून एकच सामाईक वास तयार करतात. नवीन पिल्लाला तो वास नसतो, म्हणजे ते परकंच.

म्हणून आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केली. पिल्लू वेगळ्या खोलीत, त्याची लिटर (म्हणजे शी-शूची वाळू), पाणी, बिछाना सगळं वेगळं. तसंही दोन आठवडे वेगळं ठेवायलाच हवं, कारण पॅनल्यूकोपेनियासारख्या मांजरांच्या आजाराचा विषाणू वस्तूंवर कित्येक महिने टिकतो आणि लसीकरण झालेलं नसेल तर जीवावर बेततं.

मग जुना सुती मोजा घेतला, पिल्लाच्या गालावरून हळूच फिरवला आणि मनीच्या वाटीपासून थोडा लांब ठेवला. ती आली, हुंगलं, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थांबली, जणू कसला तरी विचार करतेय. त्या वेळी ती टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत वास पोचवत होती, जेकबसन इंद्रिय म्हणतात त्याला. फिस्कारली नाही, मोजा तिथेच टाकून जेवायला लागली. मला एवढा आनंद झाला!

पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, वाट्या रोज थोड्या जवळ. मग जाळीतून नजरानजर, पाच-पाच मिनिटं. फिस्कारणं, गुरगुरणं झालं तर ओरडायचं नाही, ते फक्त "लांब राहा" म्हणणं असतं, आपण एक पायरी मागे यायचं. पण एकटक रोखून बघणं, कान मागे चपटे करणं दिसलं तर मध्ये पुठ्ठा धरा, हात अजिबात घालू नका, भडकलेलं मांजर जे जवळ असेल त्याला चावतं. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत, नाहीतर एक मांजर वाट अडवून बसतं. नसबंदी झालेली असेल तर बोक्यांची मारामारी बरीच कमी होते.

आमच्याकडे पाच आठवडे लागले. नंतर एकदा पिल्लू व्हेटकडून आलं तर मनी परत फिस्कारली, अंगाला दवाखान्याचा वास होता ना. त्याला घरातल्या चादरीत गुंडाळून दोन-तीन तास वेगळं ठेवलं, मग बाहेर सोडलं. मनीने हुंगलं आणि त्याचं डोकं चाटायला लागली.